दहावी पास, अकरावीला प्रवेश नाही

जून महिन्यात पेणच्या बाजारात भेटणारा प्रत्येक माणूस ‘मुलगा कितवीत?’ असं विचारतो, हे आपण समजू शकतो. त्याला उत्तरात रस नसला तरी विचारण्यात आपुलकी असते. हल्ली मात्र लोक हाच प्रश्न कॉम्प्युटरबद्दल विचारू लागले आहेत. ‘कितवं आहे?’ ‘दहावं.’ ‘अजून दहावंच?’ आणि मग चेहऱ्यावर तोच भाव, जो पूर्वी एकाच इयत्तेत तिसऱ्यांदा बसलेल्या मुलाच्या बापाकडे बघताना शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर उमटत असे.

ज्यांना या विषयाचा गंध नाही (अशा पुण्यवान माणसांना माझा नमस्कार) त्यांच्यासाठी थोडा खुलासा. कॉम्प्युटर विकत आणला म्हणजे तो आपोआप चालत नाही. त्याच्या आत एक कारभारी बसवावा लागतो. कीबोर्डवर बोट पडलं की पडद्यावर अक्षर उमटवायचं, कागद छापायचा, फाइल कुठे ठेवली ते लक्षात ठेवायचं, ही सगळी कामं तो कारभारी करतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बहुतेकांच्या घरात या कारभाऱ्याचं नाव विंडोज असतं. तो जिच्याकडून येतो त्या कंपनीचं नाव मी घेणार नाही. पूर्वी आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, फारच आग्रह झाला तर उखाण्यात घेत. माझं आणि कंपनीचं नातं साधारण तसंच आहे. घर तिचं, मर्जी तिची, पदर तेवढा माझ्या डोक्यावर.

या कारभाऱ्याच्या इयत्ता असतात. मधली एक्सपी आणि व्हिस्टा ही बालवाडीसारखी नावं सोडली तर सातवी झाली, आठवी झाली, आणि मग नववी न करता स्वारी एकदम दहावीत गेली. ही २९ जुलै २०१५ ची गोष्ट. नववी कुठे गेली असं आम्ही विचारलं नाही. वशिल्याच्या मुलांबाबत असले प्रश्न विचारू नयेत एवढा पोच आम्हाला आहे. त्याच वर्षी कंपनीच्याच एका माणसाने भर परिषदेत सांगितलं होतं, की ही शेवटची इयत्ता, यापुढे नवी नाही. आम्ही साधी माणसं. आम्हाला वाटलं, सुटलो, शिक्षण संपलं. पण ५ ऑक्टोबर २०२१ रोजी अकरावी उघडली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी दहावीचा सपोर्ट बंद झाला. ‘सपोर्ट’ हा शब्द ज्याने काढला तो मोठा धूर्त असला पाहिजे. काठी काढून घेतल्याशिवाय म्हातारा लंगडा आहे हे कळत नाही.

बरं, अकरावीत जायचं तर जाऊ. फी नाही म्हणाले. पण दहावी सुटलेल्या कोणत्याही मुलाच्या बापाला विचारा, खरी गंमत फीमध्ये नसते, प्रवेशात असते. २०२५ सालीच अकरावीचे ऑनलाइन प्रवेश सबंध राज्यात सुरू झाले आणि माणसांची अकरावी नि कॉम्प्युटरची अकरावी एकाच वर्षात माझ्या घरात आली. चिरंजिवांना प्रवेश मिळाला. कॉम्प्युटरला नाही.

नियम असे आहेत: मेमरी किमान चार जीबी, ती आहे. जागा चौसष्ट जीबी, ती तर भरपूर आहे. टीपीएम नावाची एक चिप हवी, म्हणजे किल्ल्या ठेवायची छोटी तिजोरी, आमच्या लॉकर रूमची धाकटी बहीण म्हणा. तीसुद्धा निघाली. अडलं कुठे? पिढीवर! यंत्राचा मेंदू आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा पाहिजे. माझा सातव्या पिढीचा. मी तो २०१७ च्या दसऱ्याला घेतला. दसरा ३० सप्टेंबरला होता. टेबलावरच्या कॉम्प्युटरची आठवी पिढी बाजारात आली ५ ऑक्टोबर २०१७ ला. पाच दिवस! मुहूर्त बघून वस्तू घेऊ नये, असं आता वाटू लागलं आहे. सोयरीक जुळवताना वडिलांच्या बाजूने सात पिढ्या बघायची आमच्याकडे जुनी चाल होती. इथे सातही पुरत नाहीत. उद्या नोंदवहीत गोत्र विचारलं तरी मी नवल करणार नाही.

आता मी कॉमर्सचा पदवीधर आहे, आणि बँकेत कारकून आहे. म्हणजे भावनेच्या भरात वाहून जाण्याची मला दुहेरी मनाई आहे. म्हणून मी हिशेब मांडला. कॉम्प्युटर घेतला अडतीस हजारांना. आयकराच्या नियमाप्रमाणे कॉम्प्युटरवर घसारा चाळीस टक्के, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. आठ वर्षांनी वहीत त्याची किंमत उरते ६३८ रुपये २५ पैसे. पेणमधल्या एका दुकानदाराने (दुकानाचं नाव सांगत नाही, रोज त्यावरून जावं लागतं) नव्याच्या बदल्यात जुन्याचे आठशे देऊ केले. म्हणजे १६१ रुपये ७५ पैसे निव्वळ नफा. ‘साहेब, घ्या टाकून नवा. पंचेचाळीसमध्ये बसवून देतो. हा आता डेड झाला,’ तो म्हणाला. डेड! तो समोर चालू होता. पंखा फिरत होता, दिवा लुकलुकत होता, पडद्यावर आमच्या सौ.चा माथेरानचा फोटो होता. जिवंत माणसाचा मृत्यूचा दाखला घेऊन पेन्शन बंद करायला आलेले नातेवाईक मी शाखेत पाहिले आहेत. त्यांचा सूर असाच असतो.

वस्तू चालते की नाही, हे वस्तू सांगेल. ती मेली असं विकणारा का ठरवणार, हे माझ्या या भांडणाचं मूळ. आमच्या पेणला गणपतीचे कारखाने आहेत हे मी सांगायला नको. हमरापूर, जोहे इकडे तर घरोघर मूर्ती. तिथे वापरून वापरून पिवळे पडलेले साचे मी पाहिले आहेत. दरवर्षी नवे साचे येतात, नव्या मूर्ती निघतात, पण जुन्या साच्यातला गणपती यंदा विघ्न हरणार नाही, असं कुठल्याही कारखानदाराने गिऱ्हाइकाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. ज्याला जुना आवडतो तो जुना घेऊन जातो. डोळ्यांची आखणी मात्र दोन्हीची सारख्याच काळजीने होते.

आमचे मेव्हणे पनवेलला असतात आणि त्यांना सगळं कळतं. रविवारी आले तेच मुळी ‘भाऊजी, सिक्युरिटी!’ असं म्हणत. पायातल्या चपला काढण्याआधी सिक्युरिटी. ‘सपोर्ट संपला म्हणजे उद्यापासून कोणीही आत शिरेल. अपग्रेड केलंत तरच वाचाल.’

इथे मात्र मेव्हण्यांचं निम्मं म्हणणं मला मान्य करावं लागतं. निम्मंच, कारण पूर्ण मान्य केलं तर ते राहायला येतील. त्याचं काय आहे, पेणच्या पश्चिमेला वाशी-शिर्कीकडे खारेपाट आहे. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून बांधाला उघाड्या. उधाणाच्या भरतीला बांधाला कुठेतरी खेकड्याचं भोक असलं तरी पुरतं. बघता बघता खांड पडते आणि खारं पाणी भातात शिरतं. मग ती जमीन पुढची दोन-तीन वर्षं नाव घेऊ देत नाही. कॉम्प्युटरच्या कारभाऱ्यातही अशी भोकं असतात. रोज नवी सापडतात. कंपनी ती बुजवत असते आणि ती बुजवणी आपल्या घरी पाठवत असते, त्याला अपडेट म्हणतात. सपोर्ट संपला म्हणजे कारभारी मरत नाही. बांधाची डागडुजी थांबते. भोकं शोधणारे चोर मात्र थांबत नाहीत. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावा’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा भरतीच्या वेळी खारेपाटात जाऊन यावं.

आणि हे काही ऐकीव नाही, आमच्या जिल्ह्यातच घडलं आहे. २७ जून २०१७. पेणहून उरण काही फार लांब नाही. तिथल्या न्हावा-शेवा बंदरात मर्स्क या जहाज कंपनीच्या गटाकडे असलेलं कंटेनर टर्मिनल त्या दिवशी अडलं. नॉटपेट्या नावाचा एक उपद्रवी प्रोग्रॅम युक्रेनमध्ये सुटला आणि काही तासांत जगभर फिरून रायगड जिल्ह्यात पोचला. एवढ्या वेळात आमची पोस्टाची रजिस्ट्री पेणहून रोह्याला जात नाही. तो पसरण्यासाठी ज्या भोकांचा उपयोग झाला त्यातलं एक बुजवण्याचं साहित्य कंपनीने मार्च महिन्यातच पाठवलेलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं त्यांच्याकडे ते तसंच उघडं होतं. मर्स्कचं त्यात वीस ते तीस कोटी डॉलरचं नुकसान झालं, असं त्या कंपनीनेच सांगितलं.

मेव्हण्यांचा चेहरा इथे उजळला. पण मी त्यांना विचारलं, हा प्रोग्रॅम मुळात युक्रेनमधल्या कचेऱ्यांत शिरला कसा, ते माहीत आहे का? हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. कर भरणारी, वेळच्या वेळी अपडेट घेणारी, सरळमार्गी माणसं सकाळी कामावर आली, आलेलं अपडेट त्यांनी आज्ञाधारकपणे घेतलं, आणि त्यातूनच रोग घरात आला. माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाने ही गोष्ट वाचली तेव्हा त्याच्या काळजात कशी कळ आली असेल! दुसरं उदाहरण तर परवाचंच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा विकणाऱ्या कंपनीने एक सदोष अपडेट पाठवलं आणि जगातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यातल्या एकाचं छायाचित्र मी बराच वेळ बघत बसलो होतो. अक्षर वाईट होतं, पण विमान उडालं.

तर अपडेट घेतलं तरी मरण आणि न घेतलं तरी मरण, असं मला म्हणायचं नाही. बांध बांधायलाच हवा. माझं म्हणणं एवढंच, की बांध बुजवणं आणि नवी जमीन विकणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती एकाच माणसाच्या हातात गेली की तो बांध बुजवायचं कधी थांबवायचं ते जमिनीचा भाव बघून ठरवतो.

बुजवणं अशक्य झालं म्हणून थांबवलं असतं तर मी एक अक्षर बोललो नसतो. पण ते थांबलंच नाही! दहावीची भोकं १४ ऑक्टोबरनंतरही बुजवली जाऊ लागली, फक्त पैसे देणाऱ्यांसाठी. कंपन्यांना दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. तीन वर्षांचे ४२७. आमच्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, की सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी वसूल करता येणार नाही. बिचारा सावकार! त्याला उगाच कथा-कादंबऱ्यांत खलनायक केला. घरगुती गिऱ्हाइकांना एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सवलत जाहीर झाली: तीस डॉलर भरा, नाहीतर फुकट घ्या, पण त्यासाठी कंपनीत खातं उघडा आणि तुमच्या यंत्राची घडी आमच्याकडे जमा ठेवा. युरोपातल्या ग्राहक संघटनेने डोळे वटारले तेव्हा तिथल्यांसाठी ही जमा ठेवायची अट सैल झाली. आमचे डोळे वटारलेले तिकडून दिसत नसावेत.

आणि बँकांचं काय? या बाबतीत मला दोन शब्द बोलायचा अधिकार आहे. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्यानंतर चार वर्षांनी, जून २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून बँकांना सांगावं लागलं, की एटीएममधलं एक्सपी आता टप्प्याटप्प्याने काढा, जून २०१९ पर्यंत शंभर टक्के. म्हणजे ज्या यंत्रांतून देशभर नोटा बाहेर पडत होत्या त्यातली कितीतरी पाच वर्षं बिनसपोर्टची उभी होती, आणि आपण त्यांच्यापुढे रांग लावून वर ‘कॅश आहे का हो?’ एवढंच विचारत होतो. मोठ्यांना पाच वर्षं, आणि माझ्या ६३८ रुपये २५ पैशांच्या कॉम्प्युटरला ‘उद्यापासून कोणीही शिरेल’!

मी रोह्याला नोकरीला जातो. पेणहून गाडी, कासू, नागोठणे, निडी, रोहा. शाखेतल्या अपग्रेडचा निर्णय आमच्या हातात नसतो. तो वरून येतो, पावसासारखा, आणि बहुधा महिन्याच्या एक तारखेला. एकदा काउंटरवर पेन्शनरांची रांग उभी आणि माझ्या पडद्यावर निळी पाटी: ‘अपडेट चालू आहे. यंत्र बंद करू नका. ३० टक्के.’ रांगेतले पहिले आजोबा चष्मा कपाळावर चढवून ती पाटी वाचत होते. ‘हे किती वेळ चालतं?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगता येत नाही. ते म्हणाले, ‘आमच्या वेळी लेजर होतं. अंगठ्याला थुंकी लावायची नि पान उलटायचं. थुंकी शंभर टक्केच असायची.’ रोह्याशी नातं असलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तेव्हा देशाचा सारा हिशेब अशाच पानांवर चालत होता. माझा लेजरला परत जायचा विचार नाही, हे आधीच सांगतो. १९८३ साली बँक युनियनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला तेव्हाची भांडणं मी ज्येष्ठांकडून ऐकली आहेत; त्या लोकांना वाटत होतं कॉम्प्युटर आपली नोकरी खाईल. त्याने नोकरी नाही खाल्ली, जेवणाची सुट्टी खाल्ली.

मला यंत्राचं वावडं नाही. वावडं आहे ते कूळ होण्याचं. त्या विंडोजच्या करारात बारीक अक्षरात स्वच्छ लिहिलेलं असतं, की हे सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेलं नाही, वापरायला दिलेलं आहे. म्हणजे कसायचं आपण, मालकी खोताची. आमचा जिल्हा खोतीत भाजून निघालेला जिल्हा आहे. अलिबाग तालुक्यात चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी संप केला, आणि तो सुमारे सहा वर्षं चालवला. जमीन पिकवायची नाही म्हणजे नाही. उपाशी राहू, लाकडं विकू, पण खोताच्या अटीवर नांगर धरणार नाही. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी ‘मला मान्य आहे’ या चौकोनावर न वाचता टिचकी मारावी, याचं मला वाईट वाटतं. (मीही मारतो. त्याला इलाज नाही. न मारली तर पुढचं पान येत नाही.)

बरं, खोत बदलता येतो, हेही लोकांना कोणी सांगत नाही. लिनक्स नावाचा एक कारभारी आहे. तो फुकट आहे, जुन्या यंत्रावर मुकाट चालतो आणि आठवी पिढी मागत नाही. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं असल्याच मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. आपल्या सी-डॅकनेसुद्धा बॉस नावाने एक लिनक्स २००७ साली काढलं. आमच्या दुकानदाराला मी लिनक्स विचारलं, तर त्याने आयुर्वेदिक दुकानात क्रोसीन मागितल्यासारखं माझ्याकडे बघितलं. कॅनालिस या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये अंदाज केला होता, की दहावीचा सपोर्ट संपल्यामुळे जगात सुमारे चोवीस कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतील. चोवीस कोटी! आणि हीच मंडळी दर पत्रकाच्या तळाशी हिरवं पान छापून ‘कागद वाचवा’ म्हणून सांगतात.

मेव्हणे म्हणाले, ‘मग टाका लिनक्स आणि मिटवा.’

मिटलं असतं. पण माझ्या कॉम्प्युटरमध्ये माझे वडील आहेत.

वडील शिक्षक होते. नोकरी रोह्याला, मन खारेपाटात. पस्तीस वर्षं त्यांनी मिठागरात, बांधावर, होडीत, लग्नघरात बसून तिकडचे शब्द गोळा केले. उघाडीच्या झडपेला काय म्हणतात, खांड बुजवताना चिखलाचा गोळा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना काय ओरडतात, मीठ पहिल्यांदा धरतं त्या थराचं नाव काय. निवृत्त झाल्यावर हे सगळं त्यांनी दोन बोटांनी कॉम्प्युटरवर उतरवलं. चार हजारांवर शब्द. २०१६ साली ते गेले, तेव्हा काम ‘ह’पर्यंत आलं होतं, ‘ळ’ने सुरू होणारा शब्द नाही म्हणून ते तेवढ्यापुरते खूष होते.

हे त्यांनी ज्या प्रोग्रॅममध्ये लिहिलं तो जुन्या वळणाचा आहे. तरुण वाचकांना सांगितलं पाहिजे, की मराठी एकेकाळी कॉम्प्युटरमध्ये घुसखोरासारखी राहत होती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, विंडोजमध्ये ती २००० सालच्या आवृत्तीपासून आली, पण छापखाने आणि टायपिंगवाले कितीतरी वर्षं श्रीलिपी, आकृती, शिवाजी असल्या आपापल्या फॉन्टांवर चालत होते. यंत्राला वाटायचं इंग्रजी अक्षरं चालली आहेत. त्या अक्षरांवर मराठीचे मुखवटे चढवलेले असायचे. मुखवटा ज्याचा त्याचा वेगळा. फॉन्ट काढून घेतला की खाली उरतात इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि टक्के. वडिलांचा फॉन्ट तर एका स्थानिक टायपिंगवाल्याने आपल्या सोयीने फिरवलेला. प्रोग्रॅम सुरू करायला यंत्राच्या पाठीत एक लॉक खुपसावं लागतं, बोटभर लांबीचं. ते लॉक या कॉम्प्युटरवर चालतं. चिरंजिवांच्या अकरावीवाल्या लॅपटॉपवर लावून पाहिलं, तर तो ते ओळखच दाखवत नाही. बनवणारा आता तो धंदा करत नाही.

रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात. चिरंजिवांनी ते चालवून पाहिले. नव्वद टक्के बरोबर येतं. पण कोशात नव्वद टक्के म्हणजे काय? अर्धा र सगळीकडे घसरला. दऱ्यांचा दर्या झाला. एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या जिल्ह्यात हा फरक चालवून कसा घेणार? शिवाय तो अर्धा र युनिकोडमध्येही दोन तऱ्हांनी लिहिता येतो, आणि एका तऱ्हेने लिहिलेला दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर सापडत नाही. हे ऐकल्यावर वडिलांनी छडी काढली असती.

म्हणून ‘अपग्रेड करा, मागे पडाल’ म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. त्यांच्या हिशेबात यंत्राची पिढी आहे, माणसाची नाही. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला, ते आम्ही आनंदाने स्वीकारलं; पण म्हणून कोणी कुलाब्याचे सातबारे कचऱ्यात टाकले नाहीत.

सौ.ने हे सगळं भाषण पोह्याच्या पापडांची लाटी मोजत ऐकलं. मेव्हणे गेल्यावर ती म्हणाली, ‘आपल्या पाट्याला टाकी लावणारी बाई येईनाशी झाली, म्हणून मी पाटा फेकला का? वाटणाला मिक्सर आणला, पाटा मागच्या पडवीत ठेवला. जिथे लागतो तिथे तोच लागतो.’ एवढ्या एका वाक्यात तिने जे सांगितलं, ते समजावून सांगायला जगातल्या तज्ज्ञांना अठरा पानी पत्रकं लागतात.

तेव्हा मी असं ठरवलं. दहावीवाल्या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढली. खाडीच नाही तर खांड कुठून पडणार? पेन ड्राइव्हही त्यात आता एकच जातो, तो मी स्वतः लावतो आणि आधी चिरंजिवांच्या यंत्रावर तपासून घेतो. विजेचं बिल, रिटर्न, बँकेचे व्यवहार, ज्यांना खरोखरच दणकट बांध हवा, ते सगळं अकरावीवर. दुकानदाराचे आठशे मी घेतले नाहीत. १६१ रुपये ७५ पैशांचा नफा बुडाला, तो मी निर्लेखित केला. वडिलांच्या फायलीच्या तीन नकला केल्या. एक रोह्याला धाकट्या भावाकडे, एक बहिणीकडे, एक आमच्या शाखेच्या लॉकरमध्ये, सौ.च्या पाटल्यांशेजारी. लॉकरचं भाडं नियमाप्रमाणे भरतो.

आणि रोज रात्री जेवणानंतर सौ. जुन्या पडद्यावरून मोठ्याने वाचते आणि मी शेजारी नव्या लॅपटॉपवर युनिकोडमध्ये लिहितो. दिवसाला वीस शब्द, अर्धा र सगळीकडे एकाच तऱ्हेचा. चिरंजीव मधून येऊन म्हणतात, ‘बाबा, हे अमुक प्रोग्रॅम एका मिनिटात करेल,’ आणि बसतात, आणि मग एखादा शब्द ऐकून ‘हे आजोबांनी कुठे ऐकलं?’ असं विचारतात. मेव्हण्यांचा फोन येतो, की दहावीला आणखी वर्षभर सवलत घ्यायची होती तर घेऊन टाका. मी म्हणतो, बघू. सध्या ‘ख’ चालू आहे. ‘खांड’पाशी वडिलांनी दीड पान लिहिलंय, आणि त्यातल्या एका शब्दावर सौ. आणि माझा दोन दिवस वाद चालला आहे. शनिवारी शिर्कीला जाऊन कुणाला तरी विचारून येणार आहे.